न विचारता घेतलेली वर्गणी

दुसऱ्या देशातल्या युद्धावर पैसा खर्च करावा की नाही, हा वाद बहुतेक वेळा खर्च करणाऱ्याच्या घरात होतो. वॉशिंग्टनमध्ये होतो, लंडनमध्ये होतो. आपल्या करदात्याचा पैसा हजारो मैलांवर कशाला ओतायचा, तेवढ्यात किती शाळा आणि दवाखाने झाले असते, असा तो प्रश्न असतो. मी जिथे राहतो आणि नोकरी करतो त्या कुवेतमधल्या अर्दियात तो दुसऱ्या बाजूने दिसतो. इथे युद्धावरचा पैसा पुष्कळसा परक्यांचा होता आणि सुटलेली जमीन इथली होती.

अर्दिया ही कुवेत शहराच्या नैर्ऋत्येची, फरवानिया प्रांतातली वस्ती. एका अंगाला कुवेती कुटुंबांची घरे, मशिदी आणि जमिया, म्हणजे सहकारी भांडार. दुसऱ्या अंगाला गॅरेज, वेल्डिंगची दुकाने आणि गोदामांच्या रांगा. त्या गोदामांत मल्याळी, तेलुगू, बंगाली, इजिप्शियन आणि थोडे मराठी लोक माल मोजत असतात. दरवर्षी २५ आणि २६ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय दिन आणि मुक्तिदिन, या सगळ्या भागात झेंडे लागतात. त्या दोन दिवसांत इथल्या कोणत्याही कुवेती गृहस्थाला ‘१९९१च्या युद्धाचा खर्च योग्य होता का’ असे विचारून पाहा. प्रश्नच त्याला कळणार नाही.

मलाही वाटते, की तो खर्च योग्य होता. पण एवढ्यावर मला थांबता येत नाही, कारण त्या खर्चाचा एक भाग माझ्या गावाकडच्या लोकांनी भरला आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

आधी आकडे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या युद्धाचा खर्च सुमारे ६१ अब्ज डॉलर लावला. त्यातले सुमारे ५४ अब्ज इतर देशांनी उचलायचे कबूल केले. कुवेत आणि सौदी अरेबियाने प्रत्येकी १६ अब्जांच्या आसपास, जपानने सुमारे १० अब्ज, जर्मनीने साडेसहा. सैन्य मुख्यतः अमेरिकेचे आणि पैसा मुख्यतः इतरांचा, अशी ती विभागणी होती. तेव्हा अनेकांनी या लढाईला भाडोत्री म्हटले. मला ते पटत नाही. ज्याचे घर गेले त्याने ते परत मिळवायला स्वतःची पुंजी मोडली, यात भाडोत्री काय? कुवेतने १९७६ पासून पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी साठवला होता. परदेशात गुंतवलेल्या त्या पैशाचा मोठा हिस्सा युद्धात आणि नंतरच्या उभारणीत गेला. सौदी अरेबियातल्या तैफला आश्रय घेतलेले कुवेती सरकार त्याच गुंतवणुकीवर चालले.

इराकी ताब्याच्या त्या सात महिन्यांत इथे काय झाले तेही पाहायला हवे. २ ऑगस्ट १९९० ला पहाटे इराकी फौजा आत आल्या. महिना संपायच्या आत कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचे जाहीर झाले. गाड्यांच्या नंबरप्लेटा बदलायला लावल्या. कुवेती दिनार आणि इराकी दिनार एकाच किमतीचे ठरवले, म्हणजे लोकांच्या आयुष्यभराच्या बचतीतली बहुतेक किंमत एका फर्मानाने पुसली. माणसे घरातून उचलली गेली. ६०५ बेपत्तांची यादी कुवेतने वर्षानुवर्षे जगापुढे धरली, आणि त्यातल्या काहींचे अवशेष इराकच्या वाळवंटात तीसेक वर्षांनी सापडले. वस्त्या जगवल्या त्या जमियांनी. वाणसामान कोणाला किती द्यायचे, पीठ किती उरले, कोणत्या घरातला कर्ता पुरुष लपून आहे, हे सगळे त्या सहकारी भांडारांतले स्वयंसेवक सांभाळत होते. आज त्याच भांडारांत मी दूध-ब्रेड घेतो. एरवी नळ दुरुस्त करायलाही माणूस बोलावणारे कुवेती तेव्हा बेकरीत पीठ मळत होते आणि कचरा उचलत होते. या लोकांना आपले राज्य परत हवे होते की नाही, याबद्दल शंकेला जागा नाही.

बाहेरच्यांच्या खर्चाला मी योग्य म्हणतो त्याचे मुख्य कारण हेच. बळी पडलेल्यांनी मदत मागितली होती, आणि मदत करणाऱ्यांनी आपापल्या घरी तोंड उघडून विचारले होते. १२ जानेवारी १९९१ ला अमेरिकी संसदेत मतदान झाले. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७. इतक्या कमी फरकाने निघालेल्या निर्णयात विरोधकांचे बोलणे ऐकून घेतलेले असते. जपानने आपल्या वाट्यासाठी तात्पुरते कर बसवले. जर्मनीने १९९१ साली आयकरावर अधिभार लावला, त्याच्या कारणांत पूर्व जर्मनीबरोबर आखाती युद्धाचेही नाव होते. पगारातून पैसे कापले गेले, म्हणजे माणसाला कळले की आपण कशासाठी किती देतो आहोत. कुवेतींचेही तसेच. १९८६ मध्ये अमिरांनी बरखास्त केलेली संसद आक्रमणाच्या वेळी बंदच होती. ऑक्टोबर १९९० मध्ये जेद्दाला परागंदा कुवेतींची परिषद भरली. संसद परत आणण्याचे आश्वासन मिळाल्यावर विरोधकांनी राजघराण्यामागे उभे राहायचे कबूल केले, आणि १९९२ मध्ये निवडणूक झालीही. देश गमावलेल्या अवस्थेत त्या लोकांनी तो सौदा केला, याचे मला फार मोल वाटते.

पण याच कुवेतने दहा वर्षे आधी एका परक्या युद्धावर पैसा लावला होता. १९८० मध्ये सद्दाम हुसेनने इराणवर चाल केली. इराणच्या क्रांतीचे वारे आपल्याकडे येऊ नये म्हणून आखातातल्या राजवटींनी इराकला उघडपणे आणि आडून पैसा पुरवला. एकट्या कुवेतचे कर्ज १४ अब्ज डॉलरच्या आसपास गेले. त्या वेळच्या तेलाच्या उत्पन्नात हा खर्च सहज झेपण्यासारखा होता. आपली माणसे मरणार नव्हती, मरणार ते बसऱ्याची आणि खुर्रमशहरची पोरे. पैसे मोजा आणि धोका लांब ठेवा, असा तो हिशेब. आठ वर्षांनी युद्ध थांबले तेव्हा इराककडे लाखोंचे सैन्य होते, तिजोरी रिकामी होती आणि शेजाऱ्याचे देणे डोक्यावर होते. सद्दामने कर्जमाफी मागितली, कुवेत तेल जास्त उपसून भाव पाडतो म्हणून तक्रार केली, रुमैला क्षेत्रातल्या तेलावर हक्क सांगितला. पुढे काय झाले ते वर आलेच आहे. कुवेती पैशाने पोसलेले सैन्य कुवेतमध्येच शिरले.

म्हणून युद्ध ‘स्वस्तात’ पडते आहे असे कोणी म्हटले की माझे कान टवकारतात. आपले रक्त सांडत नाही म्हणून जो खर्च परवडतो असे वाटते, त्याची तपासणी सर्वांत कमी होते. १९९१ मध्ये अमेरिकी संसदेने जेवढी झडती घेतली, तेवढी १९८० च्या दशकातल्या त्या कर्जांची आखातात कोणी घेतली असती, तर निदान ‘या सैन्याचे नंतर काय’ एवढा प्रश्न तरी निघाला असता.

आता नुकसानभरपाईच्या खात्याकडे येतो, कारण युद्धाच्या खर्चाचा असा हिशेब जगाने क्वचितच मांडला आहे. एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा समितीने ६८७ क्रमांकाचा ठराव केला आणि आक्रमणातून झालेल्या नुकसानीला इराकला जबाबदार धरले. जिनिव्हाला भरपाई आयोग बसला. सुमारे २७ लाख दावे आले, मागणी ३५२ अब्ज डॉलरहून अधिक. शेवटी मान्य झाले ५२.४ अब्ज, जवळपास १५ लाख दावेदारांना. या आयोगाने एक फार चांगली गोष्ट केली. सरकारे आणि तेलकंपन्या मागे ठेवून आधी साध्या माणसांचे दावे काढले. कुवेत किंवा इराक सोडून जावे लागलेल्यांसाठी ‘अ’ वर्ग होता, ठरावीक रकमेचा. एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. दुसऱ्या कोणत्याही वर्गात दावा करणार नाही असे लिहून दिले तर ४,००० आणि ८,०००. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी खास कुवेत कक्ष उघडला होता.

आमच्या गोदामात खेड तालुक्यातले एक वयस्क ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत अजून ते कागद आहेत. जुना पासपोर्ट, त्यात रुवैशेदचा, म्हणजे जॉर्डनच्या सीमेवरचा शिक्का, आणि दाव्याच्या अर्जाची पिवळी पडलेली झेरॉक्स. तेव्हा ते अविवाहित होते आणि मोठ्या भावाबरोबर एका खोलीत राहत. जुलैचा पगार मिळायचा होता. खोलीत टीव्ही, शिलाई मशीन, बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले कापड. सगळे टाकून बसरा, बगदाद असे करत सीमेवर पोहोचले, दोन देशांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात तंबूत राहिले. दिवसा तापलेली वाळू, रात्री गारठा, पाण्याचा टँकर आला की झोंबाझोंबी. मग अम्मानहून एअर इंडियाचे विमान आणि सहार विमानतळ. एअर इंडियाच्या त्या ४८८ उड्डाणांनी लाखाहून अधिक माणसे घरी आणली. सरकारी यंत्रणेने इतक्या झटून केलेले काम विरळा. चाचांच्या अर्जावर ४,००० डॉलरच्या चौकटीत खूण आहे. मी विचारले, सामानाचा आणि पगाराचा वेगळा दावा का नाही केला? “सायब, टीव्हीची पावती कुठून आणणार? शेठ कुठे गेला तेही माहीत नव्हते. चार हजारांवर सही केली.”

ती सही करताना पगार, सामान, पुढे मोडलेले घरातले दागिने आणि दीड-दोन वर्षांची बेकारी, या सगळ्यावर त्यांनी पाणी सोडले. पैसे हाती पडायला १९९० चे दशक अर्धे उलटले होते. तरीही चाचा त्या आयोगाबद्दल वाईट बोलत नाहीत. कोणी तरी नाव विचारले, लिहून घेतले, पैसे पाठवले, याचे त्यांना अप्रूप आहे. मलाही आहे. गरीब मजुराला युद्धाच्या हिशेबात स्वतःच्या नावाची ओळ मिळाली असे याआधी फारसे घडले नव्हते.

पण ते ५२ अब्ज आले कुठून? इराकच्या तेलातून. आधी उत्पन्नाच्या ३० टक्के, २००० च्या अखेरीपासून २५ आणि २००३ नंतर ५ टक्के. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला. आक्रमणाचा हुकूम देणाऱ्याला २००६ मध्येच फाशी झाली होती, आणि आक्रमणानंतर जन्मलेली मुले तिशीत येईपर्यंत देशाच्या तेलातून कर्ज फेडत राहिली. ज्या वर्षांत हे ३० टक्के कापले जात होते, त्याच वर्षांत निर्बंधांमुळे इराकी इस्पितळांत औषधांची टंचाई होती. कुवेतच्या पेट्रोलियम महामंडळाला एकट्याला १४.७ अब्ज डॉलर मिळाले. विझवायला नोव्हेंबर १९९१ पर्यंत लागलेल्या सहाशेहून अधिक जळत्या तेलविहिरी पाहता हा दावा खोटा नव्हताच. मात्र सद्दामला निवडूनही न दिलेल्या आणि हटवूही न शकलेल्या माणसांकडून तो वसूल झाला. मार्च १९९१ मध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द सद्दामविरुद्ध उठले, तेव्हा जिंकलेले सैन्य पाहत राहिले आणि तो उठाव चिरडला गेला. त्याच लोकांच्या तेलावर पुढे भरपाईचा बोजा बसला.

पॅलेस्टिनींचे तर नावच काढायला नको. युद्धापूर्वी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शाळांतले मास्तर, बँकेतले कारकून, दवाखान्यांतले डॉक्टर. यासर अराफात सद्दामच्या बाजूला झुकले याची शिक्षा त्यांना झाली, आणि बहुतेकांना परत येता आले नाही. हवल्ली या वस्तीतल्या त्यांच्या घरांत आज दुसरी माणसे राहतात.

आणि आपण? १९९० मध्ये भारत तेलासाठी इराक आणि कुवेत या दोघांवर बराच अवलंबून होता. खनिज तेलाचा भाव जुलैत १७-१८ डॉलर होता, ऑक्टोबरात तो चाळिशी गाठून आला. ऑक्टोबरमध्ये सरकारने पेट्रोलियमजन्य मालावर २५ टक्के अधिभार लावला. आखातातून येणारा पैसा आटला. इराकमध्ये काम केलेल्या आपल्या ठेकेदार कंपन्यांची येणी अडकली. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ज्या गावांचा महिन्याचा खर्च कुवेतच्या मनीऑर्डरवर चालायचा, तिथे परतलेली माणसे पारावर बसून होती. जानेवारी १९९१ मध्ये सरकारने नाणेनिधीकडून कर्ज काढले. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले, जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी ४७ टन मुंबईहून विमानाने बाहेर पाठवून ४० कोटी ५० लाख डॉलर उभे केले.

इथे प्रामाणिक राहायला हवे. ते संकट सगळे युद्धाचे नव्हते. १९८० च्या दशकभर आपण उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करत होतो, अल्प मुदतीची कर्जे घेत होतो, आणि १९९०-९१ मध्ये सरकारे वर्षाच्या आत पडत होती. घर मोडकळीला आलेच होते, वारा आखाताचा आला. पण वाऱ्याने पाडले तेवढ्याची तरी नोंद कुठे असावी की नाही? जिनिव्हाच्या आयोगाने चाचांचे नाव लिहिले. खेडला किंवा म्हापशाला राहून, आयुष्यात कुवेत न पाहता, रॉकेल आणि एसटीच्या तिकिटामागे जास्त पैसे मोजणाऱ्या बाईला मात्र कुठेच ओळ नव्हती. तिच्याकडून वर्गणी घेतली गेली, पावती फाडली नाही आणि कशासाठी तेही सांगितले नाही.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. १८९७ च्या एप्रिलमध्ये लंडनला, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले डेक्कन सभेच्या वतीने साक्षीला उभे राहिले. फर्ग्युसनचे प्राध्यापक, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचे. हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्लंडच्या दूरच्या मोहिमांचा खर्च का निघतो, हा त्या आयोगापुढच्या भारतीय तक्रारींतला मोठा मुद्दा होता. अॅबिसिनिया, अफगाणिस्तान, इजिप्त, सुदान. १८५८ च्या कायद्यात तशी अट होती, की सीमेबाहेरच्या लढाईवर हिंदुस्थानचा महसूल खर्च करायचा तर संमती हवी. ती संमती ब्रिटिश पार्लमेंटची. दुष्काळात शेतसारा भरणाऱ्या सोलापूर-नगरच्या कुणब्याची नव्हे. गोखले, वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि स्वतः आयोगाचे सदस्य असलेले दादाभाई नौरोजी यांनी ही विसंगती आकडेवारीनिशी मांडली. आयोगाने किरकोळ सवलतींवर बोळवण केली.

आणि सतराच वर्षांनी सहावी पुणे डिव्हिजन याच आखातात उतरली. ६ नोव्हेंबर १९१४ ला शत्-अल्-अरबच्या मुखाशी फावला जी पहिली तुकडी किनाऱ्याला लागली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. फाव म्हणजे कुवेतच्या बुबियान बेटाच्या पलीकडे. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना राखणे हे मोहिमेचे एक उघड कारण होते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या. एप्रिल १९१६ मध्ये तिथे शरणागती झाली. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारो भारतीय शिपाई मेले. १९१७ मध्ये हिंदुस्थानने ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘देणगी’ दिली, जवळपास सरकारच्या वर्षभराच्या उत्पन्नाइतकी. ती उभारायला गावोगाव युद्धकर्जाचे रोखे खपवले गेले. अर्दियाच्या गोदामातून निघालेला ट्रक आज ज्या दिशेने उत्तरेला सफवानच्या सीमेकडे जातो, त्या दिशेला सातारा-रत्नागिरीची ती पोरे पुरलेली आहेत.

२००३ चे युद्ध या सगळ्याच्या तुलनेत तपासले पाहिजे, कारण तेही इथूनच सुरू झाले. कुवेतचा उत्तर भाग लष्करी क्षेत्र म्हणून बंद झाला, अमेरिकी आणि ब्रिटिश फौजा इथून आत गेल्या. सद्दाम गेला याचा आनंद अर्दियातल्या घराघरांत झाला आणि तो मी नाकारणार नाही. पण त्या युद्धाचा खर्च मला अजिबात समर्थनीय वाटत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी १०० ते २०० अब्ज डॉलरचा अंदाज सांगितला, आणि डिसेंबरमध्ये त्यांना जावे लागले. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड ५० अब्जांच्या आतले आकडे बोलत होते. पुढे थेट तरतुदीच ८०० अब्जांच्या वर गेल्या. जखमी सैनिकांची आयुष्यभराची शुश्रूषा आणि व्याज धरून अर्थतज्ज्ञ स्टिग्लिट्झ आणि बिल्म्स यांनी २००८ मध्ये तीन हजार अब्जांचा हिशेब मांडला. संसदेने तेव्हाही मतदान केले होते. पण पुढे केलेले कारण खोटे निघाले, बिल खोटे निघाले, आणि भरीला युद्ध चालू असताना कर कमी केले. सगळे कर्जावर. ज्याच्या खिशाला आज चटका बसत नाही तो प्रश्न विचारत नाही, आणि फेडणारे तेव्हा शाळेत होते. तेवढ्या काळात इराकी किती मेले याची मोजणी करायलाही विजेत्यांनी फारशी उत्सुकता दाखवली नाही.

भारताला तेव्हा सैन्य पाठवायची विनंती झाली होती. १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट ठराव असल्याशिवाय पाठवणार नाही असे सांगितले. तो निर्णय बरोबर होता, आणि त्यापूर्वी पक्षांत मोकळी चर्चा झाली हे आणखी महत्त्वाचे. तरी आपली माणसे त्या युद्धात ओढली गेलीच. जुलै २००४ मध्ये कुवेती वाहतूक कंपनीचे तीन भारतीय ट्रकचालक इराकमध्ये ओलीस धरले गेले. ते सप्टेंबरच्या सुरुवातीला सुटले. त्या काळात अशा चालकांना दुप्पट-तिप्पट भत्त्याचे आमिष असे, आणि नाही म्हटले तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या, हातात.

माझ्या या म्हणण्यावर एका कुवेती सहकाऱ्याने चिडून विचारले, तुमच्या गावातल्या बाईला विचारत बसलो असतो तर आम्ही आजही एकोणिसावा प्रांत असतो, चालले असते? मुद्दा बिनतोड आहे. कोकणातल्या प्रत्येकाच्या होकारासाठी कुवेतची सुटका अडून राहावी असे मी म्हणत नाही. पण परवानगी न घेणे वेगळे आणि हिशेबातच न धरणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ५० वे कलम म्हणते, की सुरक्षा समितीच्या कारवाईमुळे ज्या देशाला खास आर्थिक अडचण येईल त्याला समितीशी सल्लामसलत करण्याचा हक्क आहे. इराकवरच्या निर्बंधांनंतर २१ देशांनी या कलमाखाली दाद मागितली. त्यात भारत होता, बांगलादेश, श्रीलंका आणि फिलिपिन्सही होते. हे सगळे मजूर पाठवणारे देश. सल्लामसलत झाली, सहानुभूतीचे शब्द मिळाले.

मदत मिळाली ती बाजू पाहून. इजिप्तने सैन्य पाठवले, अमेरिकेने त्याचे सुमारे ७ अब्ज डॉलरचे लष्करी कर्ज माफ केले. येमेनने २९ नोव्हेंबर १९९० ला युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले, त्याची अमेरिकी मदत बंद झाली. सौदी अरेबियातून तर त्याआधीच लाखो येमेनी मजुरांना हाकलले गेले होते. भारत मधे उभा होता. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला सद्दामला भेटले, ते आपल्या माणसांसाठी. नंतर चंद्रशेखर सरकारने अमेरिकी विमानांना मुंबईत इंधन भरू दिले, आणि राजीव गांधींच्या काँग्रेसने विरोध केल्यावर तेही थांबले. या धरसोडीत आपल्या नुकसानीची बाजू ठामपणे कोणी मांडलीच नाही, आणि ही चूक परक्यांची नव्हे, आपली.

५० व्या कलमात दुरुस्ती न करताही ते कामाचे करता येईल. सुरक्षा समिती जेव्हा निर्बंध किंवा युद्धाला मान्यता देते आणि देश वर्गणी जाहीर करतात, तेव्हाच त्या वर्गणीतला ठरलेला हिस्सा कडेला बसलेल्या गरीब देशांसाठी बाजूला काढायचा. आकडा तज्ज्ञांनी ठरवावा. १९९१ मध्ये मित्रदेशांनी जे ५४ अब्ज देऊ केले, त्याचा एक टक्का ५४ कोटी डॉलर होतो. रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोने मुंबईबाहेर पाठवून त्याहून कमी मिळाले होते. परदेशातून आपली माणसे सोडवून आणण्यात आज भारताचा हात कोणी धरत नाही. येमेन झाले, युक्रेन झाले, सुदान झाले. त्या विमानांच्या खर्चाचा आणि मागे राहिलेल्या पगारांचा दावा समितीपुढे ठेवण्याचे काम परराष्ट्र मंत्रालयातल्या बाबूंनी आता हाती घ्यावे, आणि त्यासाठी खास कुवेत कक्षाच्या जुन्या फाइली काढाव्यात. चाचांचा अर्जही त्यात कुठे तरी असेलच.